सबटायटल पळतात, मग सिनेमा बघायचा कसा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. घरी तुम्ही, बायको आणि आई. आई तेलुगू बोलतात, मराठी वाचतात, इंग्रजी वाचता येत नाही. तुम्हाला इंग्रजी येतं, पण सबटायटल वाचायच्या नादात चित्र सुटतं. अर्ध्या तासात आई उठून आत जातात आणि तुमचंही लक्ष उडतं. अलीकडे मी बघितलेल्या परदेशी सिनेमांपैकी मला खरंच कोणते आवडले आणि ते घरात बघायचे कसे, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. १९८७ साली मी सोलापुरातल्या एका एकपडदा थिएटरात मदतनीस म्हणून लागलो, आणि पुढची पंचवीस वर्षं ऑपरेटरच्या केबिनमध्ये गेली. रिळं बंद झाली तसं ते कामही संपलं. आता महिन्यातून एका रविवारी सोलापूरच्या पूर्व भागात ओळखीच्या एकांच्या हॉलमध्ये मी प्रोजेक्टर लावतो. येणारे सगळे आसपासचेच. यंत्रमागावरचे कामगार, विड्या वळणाऱ्या बायका, दोन-तीन शिक्षक, कॉलेजची पोरं. खुर्च्या तीस-पस्तीस आणि भाषा चार: तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी. त्यामुळे तुमच्या घरातली अडचण मला दर महिन्याला समोर दिसते.

केबिनमधला माणूस सिनेमा फारसा बघत नाही. मशीनकडे बघतो, पुढचं रीळ चढवतो, अधूनमधून खिडकीच्या काचेतून पडद्याकडे नजर टाकतो. सिनेमा त्याला भिंतीवरच्या छोट्या स्पीकरमधून कळतो. मला तर रीळ संपत आलं की आवाजावरून समजायचं. आणखी एक गोष्ट. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्र आणि त्याचा आवाज शेजारी-शेजारी छापलेले नसतात. आवाज चित्राच्या साधारण वीस फ्रेम पुढे असतो, कारण मशीनमध्ये फिल्म आधी दिव्यासमोरून जाते आणि मग खाली आवाज वाचणाऱ्या भागाकडे येते. मधे फिल्मचा एक सैल वळसा सोडावा लागतो. तो वळसा दोन बोटं जास्त झाला की नायकाचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. प्रेक्षकाला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण तो चुळबुळ करायला लागतो. उस्तादांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, चित्र थोडं हललं तर लोक सहन करतात, आवाज हलला तर करत नाहीत.

म्हणून तुम्हाला माझं पहिलं सांगणं असं की आईंना वाचायला लावूच नका. त्यांना ऐकू द्या. गोष्ट आधी तेलुगूत सांगून टाका, पाच मिनिटांत, अगदी शेवटासकट सांगितली तरी हरकत नाही. कीर्तनाला बसणाऱ्याला हरिश्चंद्राचं पुढे काय होणार हे ठाऊकच असतं, तरी तो रडतो. मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा माणूसच असे, त्याला बेन्शी म्हणत. लोक कित्येकदा नटापेक्षा बेन्शीचं नाव बघून तिकीट काढायचे. तुमच्या घरात ते काम तुम्ही करा. आणि टीव्हीचा आवाज टीव्हीतूनच ऐकू नका. साधा दोन स्पीकरचा संच जोडला तरी फरक पडतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते, ती बंद करा, नाहीतर चांगला सिनेमाही मालिकेसारखा दिसतो.

आता सिनेमे.

सुरुवात ‘फ्लो’पासून करा. २०२४ चा लाटव्हियाचा अॅनिमेशनपट, दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस. यात एकही माणूस नाही आणि एकही शब्द नाही. पूर येतो, पाणी चढत जातं, एक काळं मांजर एका होडीत चढतं, तिथे आधीच एक कॅपिबारा (उंदराच्या कुळातलं मोठं जनावर) असतो, आणि मग एक लेमूर (माकडासारखा लांब शेपटीचा प्राणी), एक मोठा पक्षी आणि एक कुत्रा त्यांना येऊन मिळतात. सिनेमा ब्लेंडर नावाच्या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनलाय आणि त्याने लाटव्हियाला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं. प्राण्यांचे आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत. कॅपिबाराचा खरा आवाज त्या शांत, सुस्त जनावराला शोभेना, म्हणून तिथे उंटाच्या पिल्लाचा आवाज घेतला. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, त्यानंतरच्या महिन्यात मी हा लावला होता. माढ्याकडून नातेवाइकांकडे आलेली दोन मुलं पुढच्या रांगेत बसली होती. पाणी चढायला लागल्यावर धाकटीने खुर्चीवर पाय वर घेतले आणि सिनेमा संपेपर्यंत खाली सोडले नाहीत. मला हा सिनेमा फार आवडला. मधल्या भागात थोडा रेंगाळतो, पण त्याबद्दल तक्रार करावीशी वाटली नाही.

दुसरा ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’. पायल कपाडियांचा, २०२४ चा. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी गेलेला भारतीय सिनेमा, आणि तिथे त्याला ग्रां प्री मिळालं, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान. तुम्ही म्हणाल हा परदेशी कुठे? पण आपल्याकडे तो परदेशी सिनेमासारखाच आला आणि गेला, बघितलेला माणूस शोधावा लागतो. मुंबईतल्या एका दवाखान्यातल्या दोन मल्याळी नर्स, प्रभा आणि अनू, आणि तिथेच स्वयंपाक करणारी पार्वती, अशा तिघींची गोष्ट. मल्याळम, हिंदी आणि मराठी तिन्ही भाषा यात आहेत. सुरुवातीलाच रात्रीच्या मुंबईवर वेगवेगळ्या भाषांमधले आवाज ऐकू येतात, कुणी गावाहून कसा आला ते सांगतोय, कुणी कुठे राहिला ते. बोलणाऱ्यांचे चेहरे दिसत नाहीत. आमच्या हॉलमध्ये त्या दोन-तीन मिनिटांत कमालीची शांतता होती. घरी एक भाषा, कामावर दुसरी आणि कचेरीत तिसरी बोलणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पार्वतीचं काम छाया कदम यांनी केलंय. ‘फँड्री’तली जब्याची आई आणि ‘सैराट’मधली सुमनअक्का त्याच. या दोन्हींचे दिग्दर्शक नागराज मंजुळे आपल्या जिल्ह्यातले, जेऊरचे, त्यामुळे आमच्याकडे छाया कदमांना बघताच ओळखीची कुजबूज होते. या सिनेमात पार्वतीचा नवरा गिरणी कामगार होता, तो गेला, आणि ती ज्या खोलीत राहते तिचे कागद तिच्याकडे नाहीत. बिल्डर खोली खाली करायला सांगतो. कागद नाही म्हणजे माणूस तिथे राहिलाच नाही, असा हिशोब. हे सोलापुरात कुणाला नवीन आहे? १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, ही नावं अजून रिक्षावाल्याला पत्ता सांगताना तोंडात येतात. माझे मामा त्यातल्या एका मिलमध्ये बॉबिनखात्यात होते. मिल बंद झाल्यावर त्यांनी हजेरीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवलं होतं, कधीतरी लागेल म्हणून. पार्वती पत्र्याच्या डब्यातून कागद शोधते तेव्हा मला ती पिशवी आठवली.

आणखी एक प्रसंग सांगतो. प्रभाचा नवरा जर्मनीत, वर्षभरात फोनही नाही, आणि एक दिवस तिकडून भात शिजवायचा कुकर येतो. पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिठ्ठी नाही. रात्री ती जमिनीवर बसून तो लाल कुकर मिठीत घेते. एक शब्द नाही. आईंना हे दाखवताना काहीही सांगू नका. एक मात्र आधीच सांगतो, अनूचा एक प्रणयप्रसंग यात आहे, घरात एकत्र बसण्याआधी माहीत असलेलं बरं.

‘परफेक्ट डेज’ (२०२३) बद्दल माझं मत दोन वेळा बदललं. दिग्दर्शक विम वेंडर्स जर्मन, सिनेमा जपानी. टोकियोच्या शिबुया भागातली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा हिरायामा नावाचा माणूस. कोजी याकुशो यांना त्यासाठी कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. हिरायामा जवळजवळ बोलतच नाही. पहाटे बाहेर एक म्हातारी खराट्याने रस्ता झाडते, त्या आवाजाने त्याला जाग येते. गजर नाही. मग अंथरुणाची घडी, रोपांना पाणी, मिशी कापणं, मशीनमधून कॉफीचा डबा, गाडीत कॅसेट. रोज हेच. काम करताना तो संडासाच्या भांड्याची खालची बाजू छोट्या आरशात बघून पुसतो, जिथे कुणाचीच नजर जाणार नाही तिथेही.

पहिल्यांदा बघितला तेव्हा मी भारावलो. केबिनमध्ये रोज तीच फिल्म, तेच चार खेळ, आणि तरी दर खेळाआधी मशीनचं गेट, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून जाते ती चौकट, मऊ कापडाने पुसायचं, हे मी वर्षानुवर्षं केलंय. माझंच कुणीतरी दाखवतंय असं वाटलं. मग आमच्याकडे लावला. सफाईचं काम करणाऱ्या एक बाई शेवटच्या रांगेत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “ह्याच्याकडं हातमोजे हाईत, गाडी हाय, सामान हाय. आणि एवढं स्वच्छ संडास मी जन्मात बघितलं नाही.” त्यांचं बरोबर होतं. ही स्वच्छतागृहं मोठमोठ्या वास्तुविशारदांनी एका खास प्रकल्पात बांधलेली, एकूण १७, आणि त्या प्रकल्पाच्याच लोकांनी वेंडर्स यांना बोलावलं होतं. त्यामुळे घाण पडद्यावर फार येत नाही, आणि या कामाला चिकटलेला कमीपणा फक्त एकाच जागी येतो, बहीण मोठ्या गाडीतून येते आणि तू खरंच हे काम करतोस का म्हणून विचारते तिथे. आपल्याकडे हे काम कुणाच्या वाट्याला येतं, कोणत्या जातीच्या, हे माहीत असलेल्या माणसाला हिरायामाचं समाधान लगेच पचत नाही. तिसऱ्यांदा बघताना मला दोन्ही दिसलं. कामातली निगा खरी आहे आणि कामाची किंमत सिनेमाने टाळलेली आहे. तरीही मी तो बघा म्हणेन. शेवटची काही मिनिटं फक्त गाडी चालवणाऱ्या याकुशोंचा चेहरा आहे, हसू आणि रडू एकाच वेळी, आणि मागे गाणं. ते बघताना आईंना सबटायटल लागणार नाही.

‘फॉलन लीव्ज’ (२०२३) फिनलंडचा, आकी कौरिस्माकींचा. जेमतेम ८१ मिनिटं. सुपरमार्केटमध्ये मुदत संपलेला खाऊ घरी नेला म्हणून नोकरी गेलेली एक बाई, आणि दारूपायी दर नोकरी घालवणारा एक कामगार. वाक्यं तीन-चार शब्दांची, म्हणून सबटायटलची धावपळ नाही. तो पहिल्यांदा जेवायला येणार म्हणून ती दुकानातून एक ताट आणि काटा-चमचा विकत आणते, कारण घरात एकाच माणसापुरतं सामान आहे. एवढंच मी सांगतो. माझ्या मते एकटेपण दाखवणारा इतका काटकसरी प्रसंग अलीकडे दुसरा नाही.

‘अॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ (२०२३) आईंसाठी नाही. जस्टिन त्रिए यांना त्यासाठी कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पण तो सगळा कोर्टातला शब्दांचा खेळ आहे. तुम्ही दोघांनी बघा. नायिका जर्मन, खटला फ्रान्समध्ये, आणि नेमकं मनातलं बोलायची वेळ आली की ती फ्रेंच सोडून इंग्रजीवर येते. सरकारी खिडकीपुढे मराठीत अडखळणारी आपली तेलुगू माणसं आठवतात, घरात किती भरभरून बोलत असतात ती! नवरा-बायकोच्या भांडणाचं रेकॉर्डिंग कोर्टात वाजवतात तो भाग हेडफोन लावून ऐका.

जाफर पनाहींचा ‘इट वॉज जस्ट अॅन अॅक्सिडेंट’ हा २०२५ चा कान विजेता. इराण सरकारने २०१० मध्ये या माणसावर वीस वर्षं सिनेमा न करण्याची बंदी घातली, पुढे तुरुंगातही टाकलं, आणि हा सिनेमा त्यांनी परवानगीशिवाय केला. गोष्ट ऐकण्यावरच उभी आहे. वाहिद नावाच्या मेकॅनिकला एका रात्री कृत्रिम पायाची करकर ऐकू येते. तुरुंगात त्याला छळणाऱ्याचा पाय असाच वाजायचा. चेहरा त्याने बघितलेला नाही, कारण डोळ्यांवर पट्टी असायची. तो त्या माणसाला पकडतो खरा, पण हाच तो याची खात्री पटेना, म्हणून त्याला व्हॅनमध्ये घालून इतर जुन्या कैद्यांकडे फिरत राहतो. कुणाला वासावरून ओळखायचंय, कुणाला जखमेवर हात फिरवून. मधेमधे लोक हसलेही, आणि हसून लगेच गप्प झाले. अलीकडच्या सगळ्यांत मला हाच सर्वांत धाडसी वाटला. शेवट मात्र आईंना आधी सांगू नका, माझ्या नियमाला हा एक अपवाद.

न आवडलेलाही सांगतो. ‘एमिलिया पेरेझ’ला ऑस्करची १३ नामांकनं होती. गोष्ट मेक्सिकोची, चित्रीकरण बहुतेक फ्रान्समधल्या स्टुडिओत, दिग्दर्शकाला स्पॅनिश येत नाही. मलाही येत नाही, तरी गाणी आणि बोलणं त्या मातीतून उगवलेलं वाटलं नाही. नंतर कळलं की मेक्सिकोतल्या लोकांनी हीच तक्रार केली होती, एका प्रमुख नटीच्या उच्चारांवर तर फारच. करमाळ्याची बोली करमाळ्यासारखी आल्यावर ‘सैराट’ कुठून कुठे गेला ते आपण बघितलंय. तीच बोली पुण्यात बसून कुणी अंदाजाने लिहिली असती तर आपल्याला दहाव्या मिनिटाला खटकली असती.

शेवटी ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ (२०२३), जोनाथन ग्लेझर यांचा. हा सगळ्यांत शेवटी, सगळे ताजेतवाने असताना, आणि स्पीकर नीट लावून. आउश्वित्झ या नाझींच्या, ज्यूंना ठार मारणाऱ्या छावणीचा प्रमुख रुडॉल्फ ह्योस भिंतीला लागूनच्या बंगल्यात बायको-मुलांसह राहायचा. कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ त्याच घरात आणि बागेत आहे. मुलं पोहतात, बायको फुलझाडं दाखवते, भाजीचा वाफा आहे. भिंतीपलीकडचं काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं. भट्टीची घरघर, गोळी, ओरडा, आगगाडी. ध्वनीचं काम जॉनी बर्न यांचं. साक्षीदारांच्या जबाबांवरून त्यांनी ६०० पानांचं टिपण तयार केलं, कोणता आवाज किती अंतरावरून यायचा तेसुद्धा त्यात होतं, आणि मग वर्षभर आवाज जमवले. त्यांना आणि टार्न विलर्स यांना ध्वनीचं ऑस्कर मिळालं, ते योग्यच.

सिनेमा सुरू होतो तो काळ्या पडद्यावर. दोन-तीन मिनिटं चित्रच नाही, फक्त संगीत. आमच्याकडे मागून कुणीतरी ओरडलं, “लाईट गेली का?” माझाही हात सवयीने स्विचकडे गेला होता. पडदा काळा म्हणजे दिवा गेला, हेच आयुष्यभर शिकलो. मी म्हटलं, गेली नाही, ऐका. मग पक्ष्यांचे आवाज आले आणि चित्र उघडलं.

पूर्व भागात घरांच्या खालच्या मजल्यावर माग असतात. खटखट दिवसरात्र. तिथे राहणाऱ्याला ती ऐकूच येत नाही, पाहुण्याला झोप लागत नाही. माग हे पोटाचं काम आहे, भिंतीपलीकडच्या त्या पापाशी त्याची तुलना नाही, आणि मी ती करतही नाही. पण कानाला सवय कशी लागते हे आमच्या लोकांना सांगावं लागलं नाही. सिनेमात बायकोची आई राहायला येते, बाग बघून हरखते, आणि दोन रात्रींत न सांगता निघून जाते. चिठ्ठी तेवढी ठेवते. ज्यांच्या घरी चार माग आहेत अशा एका आजींना सबटायटलमधलं अक्षरही वाचता येत नव्हतं. पण त्या प्रसंगाला त्या शेजारणीला तेलुगूत म्हणाल्या, “तिला ऐकू आलं.”

संपल्यावर मी दिवा बंद केला. प्रोजेक्टरचा पंखा नंतरही दोनेक मिनिटं चालू राहतो, आतलं तापलेलं थंड व्हायला. कुणी उठलं नाही. पंखा थांबला, आणि गल्लीपलीकडे रात्रपाळीचे माग चालू होते ते ऐकू यायला लागले.